न विचारलेला प्रश्न

2022 सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईतल्या गोवंडीत गोवराची साथ आली. लहान मुलं दगावली. पाठोपाठ भिवंडी आणि मालेगावातूनही रुग्णांच्या बातम्या येऊ लागल्या. वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर त्या दिवसांत एक वाक्य सारखं ऐकू येत होतं, 'या वस्त्यांमधले लोक मुलांना लस देत नाहीत.' वस्त्या कोणत्या आणि लोक कोण, हे वेगळं सांगायची गरज कुणाला वाटत नव्हती.

माझी एक मावसबहीण त्या भागात राहते. वयानं मोठी, म्हणून मी तिला आपा म्हणतो. तिच्या धाकट्या मुलाला गोवराची लस दिलेली नव्हती. मी तिला जरा रागावूनच कारण विचारलं. तिनं मोठ्या मुलाची गोष्ट सांगितली. तो दीड महिन्याचा असताना त्याला सुई टोचली. रात्री ताप चढला, मांडी सुजली, पोर रात्रभर रडलं. सकाळी भाईजान कामाला जाऊ शकले नाहीत, त्या दिवसाची मजुरी बुडाली. घरातल्यांनी सगळा दोष तिच्या माथी मारला. 'सुई के बाद बुखार आता, ये किसीने बोलाच नहीं,' ती म्हणाली. पुढे आरोग्यसेविका दारात आली की आपा धाकट्याला घेऊन शेजारच्या घरात जाऊन बसायची.

ताप येणं ही त्या सुईनंतरची नेहमीची गोष्ट आहे, एक-दोन दिवसांत तो उतरतो, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. आणि पुढच्या वेळी ती दार का उघडत नाही, हे कुणीतरी विचारायला हवं होतं. तिच्याकडे उत्तर होतं, फक्त प्रश्न कुणी केला नव्हता. घरी परतताना मला अकराशे वर्षांपूर्वीचा एक हकीम आठवला. असाच एक प्रश्न विचारायचा राहून गेला, हे त्यानं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं आहे. योगायोग असा की, गोवर आणि देवी हे दोन वेगळे आजार आहेत हे नीट मांडून दाखवणारं सर्वांत जुनं पुस्तकही त्याचंच.

रयचा तबीब

अबू बक्र मुहम्मद इब्न झकरिया अल-राझी यांचा जन्म इ.स. 865च्या सुमारास इराणमधल्या रय शहरात झाला. आजच्या तेहरानला लागूनच हे ठिकाण आहे. रय आणि बगदाद या दोन्ही शहरांतल्या बीमारिस्तानांचे, म्हणजे रुग्णालयांचे, ते प्रमुख होते. उतारवयात त्यांची दृष्टी गेली आणि इ.स. 925च्या सुमारास ते वारले.

त्यांच्या दवाखान्याचं वर्णन इब्न अल-नदीम यांनी 'अल-फिहरिस्त' या ग्रंथात केलं आहे. राझी मध्यभागी बसत. त्यांच्याभोवती शिष्य, त्या शिष्यांभोवती शिष्यांचे शिष्य अशी कडी असत. आलेला रुग्ण आपली तक्रार आधी सगळ्यांत बाहेरच्या कड्याला सांगे. त्यांना उलगडा झाला नाही, तर प्रकरण आतल्या कड्याकडे जाई आणि सगळ्यांनी हात टेकले की राझी स्वतः बोलत. या पद्धतीला शिकवण्याची पद्धत म्हणून दाद दिली जाते, ती योग्यच आहे. पण रुग्णाच्या बाजूनं पाहिलं, तर तिथं आणखी एक गोष्ट घडत होती. त्याची हकिकत एकदा नव्हे, दोन-तीनदा, वेगवेगळ्या माणसांकडून ऐकली जात होती. आज दोन मिनिटांत केसपेपर लिहून घेणाऱ्या ओपीडीत बसलेल्या माणसाला याचं मोल समजेल.

राझींना टिपणं काढायची सवय होती. एखाद्या आजाराबद्दल ग्रीक, सुर्यानी आणि भारतीय ग्रंथकार काय म्हणतात ते आधी उतरवायचं. त्यांत चरक-सुश्रुतांची नावंही येतात. मग 'ली', म्हणजे 'माझं', असा शब्द लिहून खाली स्वतःचं मत आणि पाहिलेले रुग्ण नोंदवायचे. हा ढीग त्यांच्या हयातीत पुस्तक झाला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर वजीर इब्न अल-अमीद यांनी हे कागद राझींच्या बहिणीकडून विकत घेतले आणि शिष्यांना एकत्र आणून त्यांतून 'अल-हावी' हा प्रचंड ग्रंथ सिद्ध करवला. 1279 साली त्याचं लॅटिन भाषांतर झालं आणि पुढची काही शतकं युरोपातले वैद्य तो वाचत राहिले. त्या बहिणीचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. कागद मात्र तिच्यामुळे राहिले.

अब्दुल्लाह इब्न सवादाचा ताप

'अल-हावी'मधली एक नोंद अब्दुल्लाह इब्न सवादा नावाच्या रुग्णाची आहे. त्याला ताप येई, पण त्या तापाला ताळतंत्र नव्हता. कधी रोज, कधी एक दिवसाआड, कधी चौथ्या दिवशी, तर कधी सहा दिवसांनी. ताप चढण्याआधी थोडी हुडहुडी भरे आणि लघवीला सारखं जावं लागे. राझींनी दोन शक्यता सांगितल्या. एक तर हा चौथ्या दिवशी येणारा हिवताप ठरेल, नाहीतर मूत्रपिंडात जखम असेल. थोड्याच दिवसांत लघवीतून पू जाऊ लागला. मूत्रपिंडातच बिघाड होता. राझींनी त्याप्रमाणे औषधं दिली आणि दोनेक महिन्यांत रुग्ण बरा झाला.

एखादा दुसरा हकीम असता तर इथं थांबून आपली पाठ थोपटून घेतली असती. निदानाच्या दोन शक्यतांपैकी एक खरी ठरली होती आणि रुग्णही वाचला होता. राझी मात्र आपण पहिल्याच दिवशी खात्रीनं का सांगू शकलो नाही, याचा हिशेब मांडतात. या माणसाला पूर्वी हिवताप येऊन गेला होता, त्यामुळे मन तिकडे झुकलं, हे एक कारण. दुसरं असं की, उभं राहिल्यावर कमरेत काहीतरी जड लोंबकळल्यासारखं वाटतं, हे रुग्णानं सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही. पू दिसल्यावर विचारलं, तेव्हा तो 'हो' म्हणाला. लघवीला सारखं जाण्याचीही एक मागची बाजू होती. त्याच्या वडिलांचं मूत्राशय कमजोर होतं आणि बरा असतानाही याला तो त्रास होई. ही घरची माहिती राझींना ठाऊक नव्हती.

या नोंदीत राझी रुग्णाला दोष देऊन मोकळे होत नाहीत. 'त्यानं सांगितलं नाही' याला लागूनच 'मी विचारलं नाही' हेही येतं. पुढं जास्त खबरदारी घ्यायची, असं ते स्वतःला बजावतात. मला या नोंदीचं महत्त्व फार मोठं वाटतं. रुग्णाला स्वतःच्या शरीराबद्दल आणि घरच्या माणसांना रुग्णाबद्दल जे ठाऊक असतं, ते कुठल्याही ग्रंथात नसतं, हे दहाव्या शतकातल्या सर्वांत नावाजलेल्या तबीबानं लेखी मान्य केलं आहे.

गोवर आणि देवी

आता त्यांच्या 'किताब अल-जुदरी वल-हस्बा' या पुस्तकाकडे वळू. जुदरी म्हणजे देवी, हस्बा म्हणजे गोवर. दोन्हींत ताप येतो, दोन्हींत अंगावर पुरळ उठतं. पुरळ उठण्याआधीच कोणता आजार आहे हे ओळखायचं कसं? राझींनी दिलेल्या खुणा अशा: देवीत पाठ जास्त दुखते. गोवरात अस्वस्थपणा, मळमळ आणि घालमेल जास्त असते. देवी येण्याआधी ताप उतरत नाही, नाकात खाज सुटते आणि झोपेत दचकायला होतं.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. पाठदुखी, मळमळ, घालमेल, नाकातली खाज. यांतलं किती हकिमाला डोळ्यांनी दिसतं? बहुतेक खुणा रुग्णानंच सांगायच्या असतात. झोपेत दचकणं तर रात्री उशाशी जागणाऱ्या माणसालाच दिसतं. रुग्ण लहान मूल असेल, तर ते माणूस म्हणजे बहुतेक वेळा आई. म्हणजे वैद्यकाच्या इतिहासात मैलाचा दगड मानल्या गेलेल्या या पुस्तकात न दिसणाऱ्या अनेक आया बोलत आहेत.

देवी का येतात याचं राझींनी दिलेलं कारण आज टिकत नाही. लहान वयातलं रक्त उकळून पक्व होत असताना हा आजार होतो, असं ते त्या काळच्या विचाराला धरून म्हणतात. विषाणूची कल्पना तेव्हा कुणालाच नव्हती. त्यांचा सिद्धांत गेला, पण रुग्णांकडून ऐकून आणि त्यांच्याजवळ बसून टिपलेल्या खुणा टिकल्या. पुस्तक एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपात छापलं जात होतं.

ऐकलं म्हणजे ते सगळं खरं मानलं, असंही राझींचं नव्हतं. मेंदूच्या आवरणाला सूज येण्याच्या आजारात रक्त काढण्याचा उपाय त्या काळी रूढ होता. त्याचा खरोखर उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी त्यांनी काही रुग्णांचं रक्त काढलं आणि काहींचं मुद्दाम काढलं नाही. आधी ऐकायचं, मग लिहून ठेवायचं आणि मग पडताळायचं, या तीन पायऱ्या त्यांच्या कामात ठळक दिसतात.

इस्तंबूलच्या म्हाताऱ्या आणि बॉस्टनचा गुलाम

राझींनंतर आठशे वर्षं देवीवर खात्रीचा इलाज कुणाकडेच नव्हता. पण इलाज नसला, तरी एक युक्ती होती. ती दरबारी हकिमांच्या ग्रंथांतून पसरली नाही, घराघरांतून पसरली. सौम्य देवी आलेल्या रुग्णाच्या फोडातला द्रव काढून निरोगी मुलाच्या त्वचेखाली थोडासा सोडायचा. मुलाला हलका आजार येतो आणि मग जन्मभर देवी येत नाहीत. एकदा देवी आलेल्याला त्या पुन्हा येत नाहीत, हे रुग्णांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. त्या अनुभवातूनच ही युक्ती निघाली.

1717 साली ब्रिटिश राजदूताची पत्नी लेडी मेरी वर्टली माँटेग्यू उस्मानी साम्राज्यात आली. देवीनं तिचा भाऊ नेला होता आणि तिचा स्वतःचा चेहरा विद्रूप केला होता. एदिर्ने शहरातून मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात तिनं इथली रीत कळवली. उन्हाळा सरला की घरं मिळून बेत ठरवतात, पंधरा-सोळा जण एकत्र जमतात आणि अक्रोडाच्या कवचात देवीचा द्रव घेऊन एक म्हातारी येते. ती सुईनं शीर उघडून तो द्रव आत सोडते. आठव्या दिवशी ताप येतो, दोन-तीन दिवस अंथरुणात जातात आणि मुलं पुन्हा खेळू लागतात. ताप कधी येणार आणि किती दिवस राहणार, हे त्या म्हाताऱ्यांच्या गिऱ्हाइकांना आधीच माहीत असे. आपाच्या दारात आलेल्या बाईनं न सांगितलेली गोष्ट ती हीच. 1718 साली मेरीनं इस्तंबूलमध्ये आपल्या मुलाला एका ग्रीक म्हातारीकडून टोचून घेतलं आणि 1721 साली लंडनमध्ये मुलीलाही टोचलं.

त्याच साली अटलांटिकच्या पलीकडे बॉस्टनमध्ये देवीची साथ पसरली. तिथला पाद्री कॉटन मॅथर याच्याकडे ओनेसिमस नावाचा आफ्रिकेतून आणलेला गुलाम होता. देवी येऊन गेल्या का, असं मॅथरनं त्याला विचारलं होतं. 'हो आणि नाही' अशा अर्थाचं उत्तर देऊन ओनेसिमसनं हातावरचा व्रण दाखवला आणि आपल्या मुलखात टोचायची रीत कशी आहे ते सांगितलं. मॅथरनं शहरातल्या इतर आफ्रिकी लोकांनाही विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं आणि तसेच व्रण दाखवले.

मॅथरच्या सांगण्यावरून डॉ. झॅब्डिएल बॉइल्स्टन यानं टोचायला सुरुवात केली, ती स्वतःच्या सहा वर्षांच्या मुलापासून. शहर खवळलं. गुलामांच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा का, असं म्हणत विल्यम डग्लस या डॉक्टरनं टिंगल केली. मॅथरच्या घरावर पेटता गोळा फेकला गेला. साथ ओसरल्यावर आकडे समोर आले. नैसर्गिकरीत्या देवी आलेल्या सुमारे 5,900 लोकांपैकी 844 मेले होते, म्हणजे सातांत एक. टोचलेल्या सुमारे 240 जणांपैकी सहा मेले, म्हणजे चाळिसांत एक. इथंही त्याच तीन पायऱ्या दिसतात: ऐकलं, लिहिलं, पडताळलं.

मात्र श्रेय ज्याचं त्याला मिळालं नाही. बॉइल्स्टन आणि मॅथर यांची नावं इतिहासात सन्मानानं आली. ओनेसिमसचं नाव बहुतेकांपर्यंत पोचायला फार काळ लागला. इस्तंबूलच्या त्या ग्रीक म्हातारीचं नाव तर माहीतच नाही. आपल्याकडे बंगालात टोचणाऱ्यांची रीत हॉलवेल या इंग्रजानं 1767 साली लंडनच्या वैद्यांना कळवली. त्या टोचणाऱ्यांचीही नावं कुणी लिहिली नाहीत. अनुभव एकाचा आणि नाव दुसऱ्याचं, ही वैद्यकाच्या इतिहासातली जुनी खोड आहे.

बगदादवरून मुंबईला

1796 साली एडवर्ड जेन्नर यानं माणसाच्या देवीऐवजी गाईच्या देवीचा द्रव वापरून पाहिला. तोही ऐकीव अनुभवातूनच त्याच्यापर्यंत आला होता. गाईची देवी येऊन गेलेल्या गवळणींना माणसांची देवी येत नाही, हे इंग्लंडच्या खेड्यांत सगळ्यांना माहीत होतं. ही लस जास्त सुरक्षित ठरली. ती भारतात कशी पोचली, ही हकिकत मराठी वाचकांनी, त्यातही मुसलमान वाचकांनी, जरूर लक्षात ठेवावी.

समुद्रमार्गे आफ्रिकेला वळसा घालून येईपर्यंत लस निकामी होई. शेवटी व्हिएन्नाच्या डॉ. झाँ द कारो यानं ती इस्तंबूलच्या वाटेनं बगदादला पोचवली. 1802 साली बगदादमध्ये ती लागू पडली. तिथून बसऱ्याला आली. एका मुलाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्या मुलाच्या दंडात, अशी ती जिवंत ठेवली जात होती. बसऱ्याहून जहाजानं ती मुंबईला आली आणि 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली. भारतात यशस्वीपणे देवी काढलेली ती पहिली व्यक्ती. तिच्या दंडावरच्या फोडातून पुढच्या मुलांना टोचलं गेलं आणि तिथून लस पुणे, सुरत, हैदराबादकडे गेली.

म्हणजे ज्या बगदादच्या बीमारिस्तानात कधीकाळी राझी रुग्ण तपासत होते, त्याच शहरातल्या मुलांच्या दंडांवरून ही लस आपल्याकडे आली. वाटेत कुठल्या मुलांनी दंड पुढं केले, त्यांच्या आयांनी काय विचार करून ते करू दिले, याची नोंद नाही. त्यांत मुसलमान मुलं नसतीलच, असं बगदाद-बसऱ्याच्या बाबतीत म्हणणं कठीण आहे. 'ही लस परक्यांची, आपल्या विरोधातली' असं कुणी म्हटलं की मला ती अनामिक मुलं आठवतात.

अली माव मालिन

देवीच्या इतिहासातलं शेवटचं पान सोमालियातलं आहे. ऑक्टोबर 1977 मध्ये मर्का शहरातल्या रुग्णालयाचा तरुण स्वयंपाकी अली माव मालिन याला देवी आल्या. देवीच्या दोन आजारी मुलांना घेऊन जाणाऱ्या गाडीला रस्ता दाखवायला तो काही मिनिटं तिच्यात बसला होता. तेवढ्यात लागण झाली. रुग्णालयात काम करत असूनही त्यानं लस घेतलेली नव्हती. सुई दुखेल या भीतीनं त्यानं टोचल्याचं सोंग करत दंड धरून ठेवला होता, असं त्यानं पुढं स्वतःच सांगितलं. तो बरा झाला. निसर्गतः देवी आलेला तो जगातला अखेरचा माणूस ठरला. 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेनं देवी संपल्याचं जाहीर केलं.

मालिननं आपली ही फजिती लपवली नाही. सोमालियात पोलिओची मोहीम सुरू झाली, तेव्हा तो तिच्यात कामाला लागला. मुलाला लस द्यायला न धजणाऱ्या आईबापांसमोर बसून तो स्वतःची गोष्ट सांगे. मीही घाबरलो होतो, मीही टाळलं आणि मग काय झालं ते पाहा. हे सांगताना त्याच्या हातात डॉक्टरची पदवी नव्हती, होता तो फक्त अनुभव. जुलै 2013 मध्ये पोलिओच्या मोहिमेवर असतानाच त्याला ताप आला आणि मलेरियानं तो वारला.

भीती ही मूर्खपणाची खूण आहे, असं मालिन समजत नव्हता, कारण ती भीती त्यानं स्वतः भोगली होती. म्हणूनच लोकांनी त्याचं ऐकलं.

पुन्हा गोवंडी

आपाच्या धाकट्याला शेवटी लस मिळाली. माझ्या रागावण्यानं हे झालं नाही आणि टीव्हीवरच्या चर्चांनी तर नाहीच. तिच्या गल्लीतल्या एका बाईनं तिला सांगितलं की, माझ्याही पोराला ताप आला होता, दोन दिवसांत उतरला, आता तो ठणठणीत आहे. रात्री किती ताप होता, काय केलं, मुलगा किती वाजता झोपला, हे तिनं तपशीलवार सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात दोघी मिळून आरोग्य केंद्रात गेल्या. तिथल्या नव्या सिस्टरनं मात्र आधी आपाला विचारलं, 'मागच्या वेळी काय झालं होतं?' आपानं सगळं सांगितलं. पुढचे काही दिवस काय होऊ शकतं आणि कधी परत यायचं, हे सिस्टरनं समजावलं आणि मग सुई दिली.

अफवाही अनुभवाच्याच वाटेनं पसरतात, हे मला माहीत आहे. 'अमक्याच्या मुलाला लसीनं असं झालं' हे सांगणाराही आपला अनुभवच सांगत असतो. म्हणून राझींच्या तीनही पायऱ्या एकत्र हव्यात. नुसतं ऐकून सोडलं तर अफवेला पाय फुटतात आणि ऐकूनच घेतलं नाही तर आपा शेजारच्या घरात लपते.

आपल्या समाजात राझी, इब्न सीना, अल-झहरावी यांची नावं अभिमानानं घेतली जातात. शाळांना, दवाखान्यांना ती दिली जातात. मला त्यात गैर वाटत नाही. पण राझींचा वारसा पुढं चालवायचा असेल, तर आपल्या मोहल्ल्यातल्या दवाखान्यांत, मदरशांत, जमातीच्या बैठकांत आजारी माणसाला आणि त्याच्या उशाशी जागणाऱ्या बाईला बोलू द्यावं लागेल. एवढा मोठा तबीब 'मी विचारलं नाही' असं लिहून ठेवू शकला. निदान तो प्रश्न विचारायला आपल्याला काय हरकत आहे?